माझ्या सुजलेल्या पायांची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं मनोगत. वेळेअभावी तेव्हा राहिलेला थोडा मजकूर स्मरणिकेसाठी लिहून काढताना घातला आहे.)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "पाचच मिनिटं बोल, आणि शाळेच्या आठवणी सांग." पण मला पाच मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ लागणार आहे आणि शाळेच्या आठवणी त्यात थोड्याच येतील. आत्ताच जेवणं झाली आहेत, मठ्ठा दोन-दोन ग्लास झालाय. कोणाला डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही.

सकाळी मैदानावर मुलींचा खो-खो झाला. पन्नाशीला टेकलेल्या बायका खांबाला धरून वळताना पाहून हसून पोट दुखलं. मी कडेला खुर्चीत बसले होते. तीन-चार जणींनी विचारलं, "अगं, तू का बसलीस? तू तर आपल्या संघात होतीस!" मी म्हटलं, गुडघा दुखतो. ते खोटं होतं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. माझे पाय सुजतात. सकाळी उठल्यावर बरे असतात, दुपारपर्यंत घोट्याची हाडं दिसेनाशी होतात आणि संध्याकाळी बोटाने दाबलं तर खळगा पडतो, तो मिनिटभर तसाच राहतो. अठरा वर्षं झाली. आत्ताही या साडीखाली मी मांडीपर्यंत घट्ट मोजे घातलेले आहेत.

नुसतं एवढंच असतं तर मी माईक हातात घेतला नसता. पण माझ्याकडून तुम्हाला दोन गोष्टींचा खुलासा बाकी आहे. २०१७ साली पंचवीस वर्षांचा मेळावा झाला तेव्हा "घरात कार्य आहे" म्हणून मी आले नाही. घरात काही कार्य नव्हतं. आणि गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'नव्वद दिवसांत वजन कमी' असं आव्हान सुरू झालं, रोज सकाळी वजनकाट्याचे फोटो यायला लागले, तेव्हा मी कोणाला न सांगता ग्रुप सोडला. काहींना वाटलं, हिला शिष्टपणा आलाय. एकीने तसं फोन करून विचारलंही, आणि मी तिला नेट चालत नाही असं काहीतरी सांगितलं. आज खरं सांगते.

मला खाण्याचा विकार होता. ॲनोरेक्सिया आणि बुलिमिया ही नावं तुम्ही वाचली असतील. आधी न खाणं, मग खाऊन काढून टाकणं. शाळेनंतर सुरू झालं आणि तेरा-चौदा वर्षं चाललं. किती वजन होतं, किती खायचे, कोणत्या गोळ्या किती घ्यायचे, यातला एकही आकडा मी सांगणार नाही. हा आजार असलेलं माणूस ते आकडे शर्यतीतल्या वेळेसारखे ऐकतं. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी तसं कोणी असेल तर उद्या ही स्मरणिका तिच्याही हाती पडेल.

सुरुवात कुठे झाली? नववीतली आरोग्य तपासणी तुम्हाला आठवत असेल. हॉलमध्ये रांगेत उभं करून वजन घ्यायचे आणि मोठ्याने वाचायचे, दुसरा विद्यार्थी वहीत लिहून घ्यायचा. माझा आकडा वाचला गेला आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पोतं!" ते नाव मला दहावीपर्यंत पुरलं. ज्याने ते ठेवलं तो आज पहिल्या रांगेत बसलाय. मघाशी पंगतीत त्यानेच मला आग्रह करून दुसरी पुरणपोळी वाढली. त्याला हे अजिबात आठवत नाही, आणि मी त्याला दोषही देत नाही. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं की हा आजार एका वाक्याने होत नाही. स्वभाव, अनुवंश, वय, घरातली नि बाहेरची माणसं, सगळं मिळून तो होतो. ते नाव नसतं तर मला दुसरं काहीतरी सापडलं असतं. पण आज आपल्यातले काही जण स्वतः शिक्षक आहेत. त्यांनी मुलांची वजनं मोठ्याने वाचू नयेत. एवढी एक विनंती करून पुढे जाते.

आता तुम्ही म्हणाल, चौदा वर्षं घरात कोणाला कळलं कसं नाही? आपल्या घरांत ते लपवणं फार सोपं असतं. उपास या शब्दाने मला फार साथ दिली. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण. "उपास आहे" म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, उलट कौतुक होतं. आणि उलटीसाठी पित्त होतंच. "हिला पित्ताचा त्रास आहे," असं आईच शेजारणींना सांगायची. पुण्याला हॉस्टेलवरून मी सुट्टीत स्वारगेटहून एसटीने वाईला यायचे, तेव्हा घाटात गाडी लागली हे तर ठरलेलं कारण. खंबाटकी घाटावर मी इतकं ढकललंय की काय सांगू.

आणि भाषाही गमतीची. "बारीक झालीस" हे वाक्य आई काळजीने म्हणायची आणि मैत्रिणी कौतुकाने. मी फक्त मैत्रिणींचं ऐकायचे.

नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. गरोदरपणात थांबलं होतं, नंतर पुन्हा सुरू झालं. पकडलं ते एका दंतवैद्याने. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली होती. सारखी उलटी होणाऱ्या माणसाचे दात पोटातल्या आम्लाने तिथेच झिजतात. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "उलट्या किती वर्षं होतायत?" मी सवयीने म्हटलं, पित्त आहे. ते म्हणाले, "बरं. पण पित्ताच्या डॉक्टरकडे जाताना रक्तातलं पोटॅशियम तेवढं आजच तपासून घ्या." ते फारच कमी निघालं. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला तेव्हा कळलं. २००६ साली मी उपचार सुरू केले. फिजिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ अशी तिघं. उलट्या थांबवल्या, जुलाबाच्या गोळ्या बंद केल्या, तीन वेळा जेवायला लागले.

आणि दहाव्या दिवशी पाय सुजले.

आधी घोटे, मग पोटऱ्या, मग सकाळी डोळ्यांखाली. चपला चढेनात. वजन दिवसागणिक वाढत गेलं. गोष्ट इथेच सुरू होते, त्यामुळे जरा सावकाश सांगते. चौदा वर्षं ज्या एका गोष्टीची मला भीती होती, नेमकी तीच, बरं व्हायला सुरुवात केल्यावर दहा दिवसांत समोर उभी राहिली. मला वाटलं, बघा, मी म्हणत नव्हते? जेवले की मी फुगते! तशात आई आली आणि दारातच म्हणाली, "आता कशी तब्येत सुधारली गं तुझी!" तिला खरंच आनंद झाला होता. आपल्याकडे तब्येत सुधारणं म्हणजे अंग भरणं. मी त्या रात्री बाथरूमचं दार लावून खूप रडले आणि जेवलेलं सगळं काढून टाकलं.

जोडवी रुतायला लागली होती. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून पाहिला, निघेनात. बोट काळंनिळं व्हायला लागलं तेव्हा सासूबाई स्वतः मला सराफाकडे घेऊन गेल्या. त्याने बारीक कात्रीने दोन्ही कापली. मी मान खाली घालून बसले होते. सवाष्णीची जोडवी कापली म्हणून त्या काय म्हणतील, ही एक धास्ती, आणि त्या सराफाला माझे पाय दिसतायत ही दुसरी. सासूबाईंनी कापलेले तुकडे रुमालात बांधले आणि म्हणाल्या, "पाय आधी बरा होऊ दे, जोडवी पुन्हा करता येतील." एवढंच. ते तुकडे अजून देव्हाऱ्याच्या खणात आहेत.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला माझे पाय म्हणजे खेळणं झालं. बोट दाबायची, खळगा पडला की त्यात चुरमुरा ठेवायची आणि "आई, खड्डा!" म्हणून टाळ्या वाजवायची. घरात माझ्या पायांकडे आनंदाने बघणारी ती एकटीच होती.

या सुजेचं कारण मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर पुढची चार वर्षं वाचली असती. ते आता तुम्हाला सांगते. सतत उलट्या आणि जुलाब होत राहिले की शरीरातून पाणी आणि मीठ जात राहतं. शरीर कोरडं पडतं. मग मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या छोट्या ग्रंथी असतात, त्या आल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक जास्त बनवायला लागतात. मूत्रपिंडाला त्यांचा हुकूम असतो, मीठ आणि पाणी सोडू नकोस. आता एके दिवशी तुम्ही उलट्या-जुलाब थांबवले, तरी हा हुकूम लगेच मागे घेतला जात नाही. काही आठवडे तो चालूच राहतो. त्यात उपाशी शरीर पुन्हा जेवायला लागलं की इन्सुलिन वाढतं, आणि तेही मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायलाच सांगतं. मग प्यालेलं पाणी अंगात मुरतं आणि खाली पायांत उतरतं.

पुढे ज्या डॉक्टरांनी मला हे समजावलं, ते म्हणाले, "तुमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी यायचं का?" म्हटलं, हो. "मग घरातली बाई काय करते? पिंप, घागरी, कळशा, अगदी पातेली भरून ठेवते. उद्यापासून रोज पाणी येणार असं नगरपालिकेने जाहीर केलं तर ती लगेच पिंप रिकामं करते का? महिनाभर तरी वाट बघते. खरंच रोज येतंय ना, याची खात्री करून घेते. तुमचं शरीर ती खात्री करून घेत होतं."

म्हणजे ती सूज चरबी नव्हती, पाणी होतं. मी बरी होत असल्याची ती खूण होती. बहुतेकांची अशी सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते. मला फक्त थांबायचं होतं.

मी थांबले नाही. औषधाच्या दुकानातून लघवी होण्याच्या गोळ्या आणल्या. आपण त्यांना पाण्याच्या गोळ्या म्हणतो. चिठ्ठी कोणी मागितली नाही. दोन दिवसांत पाय उतरले, वजन उतरलं, मला स्वर्ग हाती आल्यासारखं झालं. पण गोळी काय करते? पुन्हा पाणी नि मीठ काढून टाकते. शरीर पुन्हा घाबरतं, पुन्हा तोच हुकूम निघतो. गोळी थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त सूज. म्हणून पुन्हा गोळी. उलट्या मी तोवर खरोखर सोडल्या होत्या. घरचे खूश, मानसोपचारतज्ज्ञ खूश. आणि मी पर्समध्ये दुसरी पट्टी बाळगून होते. आजार गेला नव्हता, त्याने फक्त कपडे बदलले होते. हे २०१० पर्यंत चाललं. एकदा बँकेत काउंटरवरच चक्कर येऊन पडले तेव्हा पुन्हा पोटॅशियम तपासलं गेलं आणि सगळं बाहेर आलं. त्या वेळी नळाचं उदाहरण देणारे हे डॉक्टर भेटले. त्यांनी गोळ्या बंद केल्या. आल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं एक वेगळं औषध थोडे दिवस आपल्या देखरेखीखाली दिलं आणि म्हणाले, "आता पाय सुजतील. तुम्ही घाबरायचं नाही, फोन करायचा." सुजले. मी त्या महिन्यात त्यांना किती वेळा फोन केला असेल, मोजदाद नाही.

त्यांच्याकडेच मी एका प्रयोगाबद्दल वाचलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं लढाईला नकार देणारी होती, पण युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे कळावं म्हणून आपखुशीने आली होती. १९५० साली त्यावर दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्या धडधाकट मुलांचेही घोटे आणि चेहरे सुजले. आणि ती दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली! हे वाचून मी उठून बसले. कारण मीही हॉस्टेलवर, दिवसभर काही न खाता, रात्री कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' कादंबरीसारखं वाचायचे. मला वाटायचं हे माझंच वेड आहे. कुठल्या कुठे मिनेसोटा, पण उपाशी माणसाचं मन आणि पाय सगळीकडे सारखेच वागतात. उपासमारीची सूज दुष्काळ पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होती. माझ्या ताटात अन्न वाढलेलं होतं आणि मी ती स्वतःवर ओढवून घेतली, हा विचार मला बरीच वर्षं छळत होता. आता कमी छळतो.

वर्षभराने बरीचशी सूज गेली. सगळी गेली नाही. मग तपासण्या झाल्या. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड सगळं पाहिलं. एका नातेवाइकांनी हत्तीरोग असेल म्हणून धसका घातला, तर त्यासाठी रात्री उशिरा रक्त घेतात, कारण ते जंतू रात्री रक्तात उतरतात, तेही झालं. शेवटी डॉपलर तपासणीत सापडलं की पायांच्या शिरांतल्या झडपा सैल झाल्या आहेत, डाव्या पायात जास्त. रक्त वर चढवताना या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली साचतं आणि पाणी बाहेर पाझरतं. यात आईकडून आलेला वाटा आहे, बाळंतपणाचा आहे, बँकेतल्या खुर्चीचा आहे, आणि चार वर्षं पाय फुगवण्या-उतरवण्याच्या माझ्या उद्योगांनी त्यात भरच घातली. डॉक्टर सरळ म्हणाले, "ही सूज आता सोबत राहील. आटोक्यात ठेवता येईल."

ती आटोक्यात कशी ठेवते, ते सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचे पाय आता या वयात सुजत असणार. मुख्य काम मोज्यांचं. दुकानात २०-३० दाबाचे म्हणून मिळतात, पाऱ्याच्या मिलिमीटरमधला तो दाब असतो. ते आपल्या मनाने आणून घालायचे नाहीत. पायाचा धमनीतला रक्तपुरवठा नीट आहे ना, हे आधी डॉक्टरांकडून बघून घ्यायचं, मधुमेह असेल तर नक्कीच. माप सकाळी द्यायचं, सूज नसताना. सकाळी अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधी ते चढवायचे. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून, पायाला पावडर लावून, दहा मिनिटं कुस्ती असते. एप्रिल-मे महिन्यात त्या मोज्यांना मी ज्या शिव्या दिल्या आहेत त्या इथे सरांसमोर सांगता येणार नाहीत. सहा-सात महिन्यांत ताण जातो, नवे घ्यावे लागतात, आणि ते स्वस्त नसतात.

पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा आहेत. बँकेत टेबलाखाली एक पाटा ठेवलाय आणि दर अर्ध्या तासाने टाचा वर-खाली करते, वीस वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की तो पायातलं रक्त वर ढकलतो. सर, तुम्ही आम्हाला मैदानावर उकिडवं बसवून "पोटरीत ताकद पाहिजे, पोटरीत!" म्हणून ओरडायचात. खो मिळाल्यावर उठण्यासाठी तुम्ही सांगायचात, पण ते आत्ता कामाला येतंय. पोहते मी आठवड्यातून तीन दिवस. पाण्याचा दाब सगळ्या पायावर पडतो, बाहेर येते तेव्हा घोटे दिसतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवते. चिखल्या झाल्या किंवा टाचेला भेगा पडल्या तर सुजलेल्या पायात तिथून जंतू शिरतात. २०१९च्या पावसाळ्यात मला तसं झालं होतं, पाय लालभडक, थंडी वाजून ताप, पाच दिवस सलाइन. आणि एक लक्षात ठेवा, एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला, किंवा सुजेबरोबर दम लागला, तर विटाबिटांच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शिरेत गुठळी असू शकते.

पण यातलं अवघड काही मोजे नव्हेत. सूज असलेल्या माणसाला जे जे सांगतात, ते सगळं माझ्या जुन्या आजाराला आवडणारं आहे. रोज वजन करा. रोज घोट्याचं माप घ्या. मीठ कमी करा. हे खाऊ नका, ते खाऊ नका. वहीत लिहा. एखाद्या दारू सोडलेल्या माणसाला औषध म्हणून रोज चमचाभर दारू सांगावी तसं ते आहे. २०११ मध्ये मी मीठ कमी करायला म्हणून पापड-लोणचं सोडलं, मग आमटी सोडली, मग भाकरीत मीठ असतं म्हणून भाकरी. महिन्याभरात मी पुन्हा उकडलेल्या दुधीवर आले होते आणि मनात एक ओळखीचा, थंडगार आनंद होता. त्या आनंदाची मला आता भीती वाटते. आहारतज्ज्ञ बाईंनी तो ओळखला. त्या म्हणाल्या, "पापड, लोणचं, फरसाण रोज नको. बाकी घरातलं सगळ्यांसारखं जेवायचं. तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक होता कामा नये." तोच नियम आजपर्यंत चालू आहे. वजन डॉक्टरांकडेच, काट्याकडे पाठ करून. आकडा ते लिहून ठेवतात, मला सांगत नाहीत. घरातला काटा नवऱ्याने भंगारात दिला. घोट्याची मापपट्टी त्याच्या कपाटात असते, महिन्यातून एकदा तोच घेतो, आणि फरक पडला तरच बोलतो.

म्हणून मी ग्रुप सोडला. तुमचे काट्याचे फोटो पाहून मला तुमचा राग आला नव्हता. मला हेवा वाटला होता. तिसऱ्या दिवशी मी बँकेतून येताना इलेक्ट्रॉनिक काट्याची किंमत विचारून आले.

काही दिवस अजून वाईट जातात. सणासुदीला दोन-तीन तास उभं राहणं झालं, प्रवास झाला, की संध्याकाळी पाय खांबासारखे होतात, आणि डोक्यातला जुना आवाज म्हणतो, उद्या जेवू नकोस. अठरा वर्षांनीही म्हणतो. आता मी त्याला उत्तर देत बसत नाही. पाय वर करून पडते आणि मुलीला हाक मारते. ती आता एकवीस वर्षांची आहे, फिजिओथेरपी शिकते. ती येते, पोटरीवर बोट दाबते आणि गंभीर चेहऱ्याने म्हणते, "आई, खड्डा."

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पंधरा-वीस वर्षांच्या मुली आहेत, मुलगेही आहेत. हा आजार मुलग्यांनाही होतो. जेवण झाल्या झाल्या कोणी दर वेळी बाथरूमकडे जात असेल, उपास फार वाढले असतील, गालफडं सुजल्यासारखी दिसत असतील, तर रागावू नका. आणि कृपा करून "किती बारीक झालीस" म्हणून कौतुक करू नका. दार लोटून घेऊन हळू विचारा, त्या दंतवैद्याने मला विचारलं तसं. बोलायला कोणी नसेल तर सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आणि खूप दिवस नीट न खाल्लेलं मूल जेवायला तयार झालं तर आनंदाने एकदम भरपेट वाढू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. उपाशी शरीराला अचानक जास्त अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फरस घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि मग पाय सुजले तर तिला सांगा, पिंप भरून ठेवलंय, उतरेल. मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाई, तुम्ही मघाशी मला जवळ घेऊन म्हणालात, "पत्रिका दोनदा पाठवली, आली नाहीस, विसरलीस का आम्हाला?" विसरले नव्हते. २०१७ ला मी साडी नेसून, मोजे घालून, पुण्यात दाराशी तयार उभी होते. सँडल चढेनात. सगळ्या मुली पायांकडे बघतील असं वाटलं आणि मी परत आत जाऊन बसले. आज सकाळपासून मी पाहतेय, कोणीही कोणाच्या पायांकडे बघत नाहीये. प्रत्येकजण दुसऱ्याच्या डोक्यावर केस किती उरलेत तेवढं बघतोय.

संयोजक घड्याळ दाखवतायत. चार वाजता बस मेणवलीला निघणार आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसून कृष्णेत पाय सोडायचे असं आपण मुलींनी सकाळी ठरवलंय. मी येणार आहे. मोजे काढायला मला पाच मिनिटं लागतात आणि पाय कोरडे करून पुन्हा चढवायला पंधरा. रबरी हातमोजे माझ्या पिशवीत आहेत, एक टॉवेलही आणलाय. कोणीतरी माझ्याबरोबर थांबा, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा, घाई करू नको म्हणावं.